अग्निप्रदीपनाच्या मुहूर्तावर

घटातले धान्य तरारून येते, बांधावरचा झेंडू बाजाराची वाट धरतो आणि खंडेनवमीच्या दिवशी आपल्याकडची सगळी हत्यारे, मग तो कोयता असो, लेथ असो की क्रेन, एका दिवसापुरती कामातून मोकळी होऊन पूजेला बसतात. पाने आणि हातोडे धुऊनपुसून पाटावर मांडले जातात, मोटारींच्या झाकणांवर हळदीकुंकवाची बोटे उमटतात, पॅनलच्या दारावर आंब्याचे तोरण डुलते. याच दिवसांत महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून आणखी एक सोहळा पार पडतो. उन्हाळ्यापासून गार पडलेल्या बॉयलरच्या पोटात, सत्यनारायणाची पूजा आटोपून, एखाद्या संचालक दाम्पत्याच्या हस्ते पहिला विस्तव घातला जातो. निमंत्रणपत्रिकेवर त्याला ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’ म्हणतात. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचे पहिले गळीत झाले, त्याला आता पाऊण शतक होत आले. एवढ्या काळात चुली बदलल्या, यंत्रे बदलली, चिपाडावर वीज होऊ लागली, मळीपासून इथेनॉल निघू लागले. पण पहिला विस्तव हाताने आणि नमस्कार करूनच घालायचा, ही रीत आपण मोडलेली नाही.

या सोहळ्यातली एक गोष्ट मंडपातल्या गर्दीत सहसा ध्यानात येत नाही. विस्तव पेटतो त्याच दिवशी गळीत सुरू होत नाही. भट्टीला नव्याने लावलेल्या विटांमधली ओल हळूहळू सुकावी लागते. घाई केली तर अस्तर तडकते. नळ्यांमधले पाणी तापते, आतली हवा वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर जाऊ दिली जाते, दाब पायरीपायरीने चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उघडतो ना, हे डोळ्यांनी पाहिले जाते. मग काही दिवसांनी गव्हाणीत मोळी पडते. आपल्या परंपरेने आणि बॉयलरच्या शास्त्राने, एकमेकांना न विचारता, हंगामाच्या तोंडाशीच थांबण्यासाठी थोडी जागा राखून ठेवली आहे. पुढे मात्र ती आक्रसत जाते. काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, रोजच्या गाळपाचा आकडा फळ्यावर चढतो, शेजारच्या कारखान्याचा आकडा त्याहून मोठा असल्याची खबर येते आणि थांबणे हा गुन्हा वाटू लागतो. कारखान्यातल्या सुरक्षेचे बहुतेक नियम शेवटी थांबण्याचेच नियम आहेत, असे आपल्याला वाटते. ते पाळायला अवघड जातात तेही त्यामुळेच.

बॉयलरवरच्या माणसांना हा धडा सर्वांत आधी मिळाला, कारण तिथली चूक दुसरी संधी देत नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांतीच्या नियमांचा गोंधळ मिटवण्यासाठी १९२३ चा देशव्यापी कायदा आला आणि शंभरी ओलांडून २०२५ मध्ये त्याने नव्या कायद्याला जागा करून दिली. निरीक्षकाचे प्रमाणपत्र, दाबमापकाच्या तबकडीवरची तांबडी खूण, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन काचा, हे सारे त्या दीर्घ अनुभवाचे संचित. काचा दोन अशासाठी की एक खोटे बोलली तर दुसरीने खरे सांगावे. आणि दोन्हींत पाणी दिसेनासे झाले, तर नवख्या माणसाचा हात पहिल्यांदा पंपाकडे जातो. तापून लाल झालेल्या नळ्यांवर पाणी सोडले तर काय होईल, ते जुना बॉयलर अटेंडंट जाणतो. तो पाणी सोडत नाही, आग मारतो. वाफ उतरणार, टर्बाइन बसणार, मिल उभी राहणार, वरून फोन येणार, हे सगळे ठाऊक असून जो आग मारतो, पूजेच्या दिवशी पहिला विडा त्याच्या हाती द्यायला हवा.

मिल हाउसची गोष्ट निराळी. तिथे धोका डोळ्यांसमोर फिरत असतो आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीचे भय उरत नाही. ऑफ सीझनमध्ये सगळा कारखाना उकललेला असतो: रोलर उतरवलेले, केन कॅरिअरची साखळी जमिनीवर, पंपांची कपलिंगे उघडी. गिअरवरची, पट्ट्यांवरची, साखळ्यांवरची झाकणे दुरुस्तीसाठी निघतात आणि कामाच्या रेट्यात त्यांतली काही भिंतीला टेकून राहतात. चाचणी झाली, यंत्र फिरले, आता एवढ्याशा गार्डसाठी पुन्हा कोण थांबवणार? हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात कारखान्यात फेरी मारणाऱ्याने यंत्रांच्या आधी भिंतींकडे पाहावे. तिथे टेकलेले प्रत्येक झाकण कुठल्या तरी फिरत्या भागाची उघडी जागा सांगत असते. त्यातच हंगामी कामगार काही महिन्यांच्या खंडानंतर परतलेला असतो. हाताला काम आठवते, पण मधल्या काळात बटणाची जागा बदललेली असते, नवा कन्व्हेयर आडवा आलेला असतो. त्याच्या शेजारचा हेल्पर ठेकेदाराकडून आलेला, आणि तो तर मिल आज पहिल्यांदाच पाहतो आहे. थंडीच्या तिसऱ्या पाळीत दोघांच्याही गळ्यात मफलर असतो. फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे असावेत, हे १९४८ च्या कारखाने कायद्याने लिहून ठेवले होते. डिसेंबरच्या पहाटेचा गारठा त्या कलमाच्या विरुद्ध साक्ष देतो. मफलरऐवजी कानटोपी पुरवणे हाही सुरक्षेचाच खर्च आहे, आणि तो फार नाही.

कॅरिअरवर ऊस अडकला, ‘चोक’ झाला, की ओरड होते. कोणी बटण दाबून कॅरिअर थांबवतो, कोणी पहार घेऊन आत उतरतो. इथे दोन फसगती ठरलेल्या आहेत. ऊस फोडणाऱ्या कटरचा आणि फायब्रायझरचा अवजड रोटर वीज तोडल्यावरही आपल्याच वजनाने बराच वेळ फिरत राहतो. आवाज उतरला म्हणजे तो थांबला, असे नव्हे. दुसरे, बटणाने थांबलेले यंत्र बटणानेच सुरू होते. वर पॅनलपाशी बसलेल्याला खाली उतरलेला माणूस दिसत नाही. त्याला दिसतो तो उभा कॅरिअर आणि भिंतीवरचे घड्याळ. जुने वायरमन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकत आणि मगच फिटरला ‘चढ’ म्हणत. आजची कुलूप आणि पाटी लावण्याची पद्धत त्याच शहाणपणाला आलेली शिस्त आहे. मुख्य स्विच खाली करायचा; जो आत जाणार त्याने त्यावर स्वतःचे कुलूप घालायचे; नावाची पाटी अडकवायची; किल्ली आपल्याच खिशात ठेवायची; आणि एकदा बटण दाबून, यंत्र खरोखरच सुरू होत नाही याची खातरजमा करून मग हात घालायचा. चौघे आत जाणार असतील तर कुलपे चार. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढत नाही तोवर स्विच वर जात नाही. सहकारातल्या पदांच्या एवढ्या मोठ्या उतरंडीत ही एकच जागा अशी आहे, जिथे हेल्परचे कुलूप चेअरमनच्या शब्दाहून वरचढ ठरते. म्हणूनच की काय, ते कुलूप पुष्कळ ठिकाणी स्टोअरच्या कपाटातच पडून राहते.

सर्वांत फसवी जागा मात्र ना फिरते, ना आवाज करते. मळीची टाकी, आसवनीतला फर्मेंटर, स्पेंट वॉशचा खड्डा, बायोगॅसचा डायजेस्टर, सांडपाण्याचा सम्प. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू जवळपास २१ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा माणसाची राहत नाही, पण हे सांगणारी कुठलीही जाणीव शरीराला नाही. आंबवण्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. वरून डोकावणाऱ्याला सगळे ठीक वाटते. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो हे सगळेच जाणतात. त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, हे थोड्यांना ठाऊक असते. ‘वास गेला, म्हणजे गॅस गेला’ असे समजून माणूस शिडीची आणखी एक पायरी उतरतो. मग पहिला कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्यामागे तिसरा. अशा घटनांच्या बातम्यांत मृतांचा आकडा क्वचितच एक असतो, आणि पुढचे दोघे बहुधा त्याचे भाऊबंद, गाववाले, त्याच पाळीतले सोबती असतात. माणुसकीच त्यांना खाली ओढते. म्हणून अशा वेळी धावत न जाण्याचे शिक्षण द्यावे लागते, आणि ते आपल्या संस्कारांच्या उलट जाते. बुडत्याला हात द्यावा, असे आपण लहानपणापासून ऐकतो. टाकीच्या तोंडाशी मात्र आधी हाक मारायची, हवा सोडायची, श्वसनयंत्र आणवायचे आणि तोवर पाय जमिनीला खिळवून उभे राहायचे.

या बाबतीत कायद्याने फार पूर्वीच एक साधी व्यवस्था सांगितली आहे. बंदिस्त जागेत कोणी उतरण्याआधी आतला वायू बाहेर काढलेला असावा, जागा तपासून सक्षम व्यक्तीने तसे लेखी प्रमाणपत्र दिलेले असावे. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, कमरेला पट्टा बांधावा आणि पट्ट्याच्या दोरीचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. हातात, असे कायदा म्हणतो; कठड्याला बांधलेले चालत नाही. बाहेरच्या त्या माणसाला दुसरे काही काम सांगायचे नाही. त्याने चहा आणायला जायचे नाही, मोबाइल पाहायचा नाही, ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणायचे नाही. हजेरीपटावर त्या वेळात त्याने काही केलेले दिसणार नाही, आणि खर्च वाचवायला निघालेला ठेकेदार सर्वांत आधी कमी करतो तो हाच माणूस. आपण ज्याला कामगारांमधले भाईपण म्हणतो, त्याची व्याख्या कायद्याच्या रुक्ष भाषेत कुठे सापडत असेल तर ती या दोरीच्या कलमात.

गंधकाच्या धुरापासून पोत्यांच्या कलत्या थप्पीपर्यंत आणि डोळ्यांत उडणाऱ्या चुन्यापासून उघड्या उन्हात जवळजवळ न दिसणाऱ्या अल्कोहोलच्या ज्वाळेपर्यंत प्रत्येक विभागाची आपापली पोथी आहे. ती इथे उलगडत नाही. साखरेविषयी मात्र एक गोष्ट सांगायला हवी. जी आपण देवापुढे ठेवतो आणि पाहुण्याच्या हातावर देतो, ती पिठीसारखी बारीक होऊन हवेत तरंगू लागली की स्फोटक असते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ कामगार गेले. साखरेत बाहेरची घाण जाऊ नये म्हणून तिथला कन्व्हेयर आदल्या वर्षी पत्र्याने बंदिस्त केला होता. स्वच्छतेसाठी केलेल्या त्या आडोशातच धूळ साचली. तुळया आणि पाइपांवर बसलेल्या थराला ठिणगी लागली की एका स्फोटाने उडालेली धूळ पुढच्या स्फोटाला पुरते. मळीही तशीच निरुपद्रवी दिसते. बॉस्टन शहरात १५ जानेवारी १९१९ रोजी मळीची एक प्रचंड टाकी फुटली आणि लाटेखाली २१ माणसे गेली. ती टाकी पाण्याने पूर्ण भरून कधी तपासलीच नव्हती. टाकीच्या सांध्यांतून गळती दिसत होती, ती कारखान्यातल्यांना आणि शेजाऱ्यांना माहीत होती.

माहीत असणे आणि थांबवणे यांत एवढे अंतर का पडते? भोपाळने हा प्रश्न आपल्यापुढे कायमचा ठेवला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले, त्या कारखान्यात शीतयंत्रणा होती, पण बंद ठेवलेली. वायू जाळून टाकणारा मनोरा होता, पण दुरुस्तीसाठी जोडणी सोडवलेला. नियमांची पुस्तके तिथेही होती. त्या रात्रीनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात सुधारणा झाली आणि घातक प्रक्रियांच्या ठिकाणी कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा, सुरक्षा समितीत बसण्याचा आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क मिळाला. जुन्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली असली, तरी या हक्काची मुळे त्या रात्रीत आहेत हे विसरता येत नाही.

त्याहून जुनी मुळे मुंबईच्या गिरणगावात सापडतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या पोटाची सोय करावी. सुटी १८९० मध्ये मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडले. थांबण्याचा हक्क आणि जखमेची किंमत या दोन गोष्टी लोखंड्यांनी एकाच कागदावर लिहिल्या होत्या. त्यांचा संबंध त्यांना उमगला होता. थकलेला हातच बहुधा यंत्रात जातो.

आता आपल्या कारखान्यांकडे वळू. गाळप किती तास बंद राहिले याच्या नोंदी साखर कारखान्यात काटेकोरपणे ठेवल्या जातात. ऊस नव्हता, यांत्रिक बिघाड झाला, प्रक्रियेत अडचण आली, साफसफाई होती, इतकेच काय सणवार होता, अशा कारणांचे रकाने त्यांत असतात. त्यांच्या शेजारी एक रकाना आणखी हवा: ‘सुरक्षेसाठी थांबवले’. त्या रकान्यातला तास कुणाच्या नावावर ठपका म्हणून लागू नये. उलट हंगाम संपला आणि तो रकाना कोराच निघाला, तर चीफ इंजिनिअरला बोलावून चौकशी व्हावी. इतक्या यंत्रांच्या पसाऱ्यात सबंध हंगामभर एकदाही थांबावेसे वाटले नाही, हे पटण्यासारखे नाही. सध्या आपण मोजतो ते अपघातविरहित दिवस, आणि फाटकावरच्या फलकावरचा तो आकडा मोडू नये म्हणून ठेचलेले बोट घरगुती इजा ठरते. हेल्मेट आणि बूट वाटतानाचे फोटो छापून येतात, ते येवोत. पण धोका मुळात काढून टाकणे पहिले, यंत्रालाच आवर घालणे दुसरे, आणि माणसाच्या डोक्यावर टोपी चढवणे अगदी शेवटचे, हा क्रम जगभर मान्य असताना आपल्याकडे सुरुवात आणि शेवट दोन्ही टोपीपाशीच होतात. तीही कायम कामगाराला नवी आणि ठेकेदाराच्या माणसाला गेल्या वर्षीची.

शिवाय कारखाना फाटकाशी संपत नाही. दसरा झाला की मराठवाड्यातून आणि अहिल्यानगरच्या दुष्काळी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लेकराबाळांसह उसाच्या फडाकाठी पाले पडतात. रात्री दोन दोन ट्रॉल्या मागे जोडून, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर काढून, मागे ना दिवा ना चमकती पट्टी असा ट्रॅक्टर काट्याकडे निघतो, तेव्हा तो कारखान्याचाच एक लांबवर पसरलेला कन्व्हेयर असतो. त्याला गार्ड कोणी लावायचा? ट्रॉलीला पट्टी नसेल तर काट्यावर घेणार नाही, असे एका कारखान्याने ठरवले तर ट्रॉलीवाला शेजारच्या कारखान्याकडे वळतो. म्हणून हे तालुक्यातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे लागेल. उसाच्या पळवापळवीत एवढे एकमत अवघड आहे खरे. दराच्या प्रश्नावर मात्र हेच कारखाने एका रात्रीत एकत्र येताना आपण पाहिले आहेत.

सभासदांच्या वार्षिक सभेत गाळप, उतारा, कर्ज आणि पहिली उचल यांवर तासन्‌तास वाद झडतात. छापील अहवालात किती हात जखमी झाले आणि त्यांतले ठेकेदाराचे किती, याचे पान शोधून सापडत नाही. ते पान मागण्यासाठी पुढच्या सप्टेंबरची वाट पाहण्याचे कारण नाही. अग्निप्रदीपनाला सगळे संचालक मंडळ मंडपात हजर असते, पूजा संपून प्रसाद वाटेपर्यंत अर्धा तास कोणालाच काही काम नसते, आणि कुलपांचे ते कपाट मंडपापासून शंभर पावलांवर असते.